दिराच्या भेटीला

विचुंब्याच्या वेणू घरतने मुलापासून लपवून आयुष्यात एकच वस्तू विकत घेतली, ती म्हणजे स्वतःच्या नावावरचं सिमकार्ड.

तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. मोबाइल तिच्याकडे आधीपासून होता, पण नंबर मुलाच्या, प्रणितच्या नावावर. आधारलाही त्याचाच नंबर जोडलेला. रेशन असो की सरकारी दवाखाना, ओटीपी आला की प्रणितच्या खिशात वाजायचा आणि तो तिला आकडे वाचून दाखवायचा. त्यात तिला कधी काही अडचण वाटली नव्हती. पण आता तिला तुरुंगातल्या एका माणसाला भेटायचं होतं. त्या भेटीसाठी फॉर्म भरावा लागतो, आणि त्या फॉर्मचा मेसेज प्रणितने वाचला तर घरात काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवा नंबर आधारला जोडून व्हायला आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी ती नवीन पनवेलला स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. दुकान रंजिता नावाची बाई चालवायची. पासपोर्टपासून पीकविम्यापर्यंत सगळे ऑनलाइन फॉर्म ती भरून द्यायची.

"कोणाला भेटायचंय, मावशी?"

"दीर हाय माझा. महादेव गणू घरत."

"शिक्षा लागलीय की केस चालू आहे?"

"लागली. दहा वर्सं." वेणूने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने त्यावर तुरुंगाचं नाव आणि महादेवचा बंदी क्रमांक लिहून दिला होता. तुरुंग घाटावरचा होता, पुण्याच्या बाजूला.

रंजिताने एकेक रकाना भरला. भेटणाऱ्याचं नाव, वय, पत्ता, नातं. कैद्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव. कुठली तारीख हवी. मग वेणूच्या हातातला मोबाइल वाजला आणि जन्मात पहिल्यांदा तिने स्वतः आकडे वाचले. एकेक आकडा, थांबत थांबत.

"झालं. आता तिकडून मंजुरीचा मेसेज येईल. त्यात एक नंबर असेल, तो दाखवायचा. आधार ओरिजिनल न्या, झेरॉक्स चालत नाही. आणि त्यांनी तिथे तुमचं नाव दिलेलं आहे ना?"

"कोनी?"

"तुमच्या दिरांनी. भेटायला कोण कोण येणार त्यांची नावं कैद्याकडून घेतात."

वेणूने कागदाची घडी घालून पुन्हा पदराला गाठ मारली.

महादेव तिचा एकुलता एक दीर. त्याला शिक्षा झाली होती ती स्वतःच्या सख्ख्या भावाचा, म्हणजे वेणूच्या नवऱ्याचा, हसुरामचा जीव घेतल्याबद्दल. आणि ती शिक्षा लागली होती मुख्यतः वेणूच्या साक्षीवर.

वेणू अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली तेव्हा महादेव सात वर्षांचा होता. दुसऱ्याच पावसाळ्यात सासू काविळीने गेली. सासरा दिवसभर मिठागरावर, हसुराम शेतावर. पोर वेणूच्या पदरात पडलं. त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तिचीच सही असायची. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची ती सही, एकेक अक्षर सुटं. खाडीत खेकडे पकडताना एकदा त्याचं बोट उभं चिरलं, तेव्हा तो रक्त गाळत बापाकडे नाही, सरळ चुलीपाशी तिच्याकडे आला होता. पुढे तिला स्वतःची मुलं झाली, प्रणित आणि पूर्वी, तरी ताटं मांडताना तिच्या हिशेबी पहिलं पोर महादेवच राहिला.

गावाभोवती बिल्डिंगा उभ्या राहिल्या. शेत गेलं. दोघा भावांनी जुनं कौलारू घर पाडून दोन मजली स्लॅबचं घर बांधायला काढलं. खाली थोरला, वर धाकटा. सगळं ठरलं, फक्त जिना कुठे घ्यायचा ते ठरेना. बाहेरून घेतला तर अंगण अर्धं होत होतं, आतून घेतला तर हसुरामची एक खोली जात होती. सहा फुटांची गोष्ट. दोन महिने त्यावर धुसफूस चालली. बोलणं कमी झालं, मग निरोप वेणूकरवी जाऊ लागले.

फाल्गुनातल्या एका सकाळी दोघेही वरच्या स्लॅबवर उभे होते. कठडा अजून बांधायचा होता. वेणू खाली अंगणात मांदेली साफ करत बसली होती. आवाज चढले म्हणून तिने मान वर केली. महादेवचे दोन्ही हात हसुरामच्या छातीवर होते आणि हसुराम मागे जात होता. खाली विटांचा चट्टा रचलेला होता. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

महादेव पळाला नाही. भावाला टेम्पोत त्यानेच घातलं, दवाखान्यातून पोलिसांबरोबर तोच गेला. पण पुढे वकिलाने त्याच्याकडून वदवलं की भावाचा पाय घसरला, तो सावरायला गेला होता. खटला पाच वर्षं चालला. वेणूची साक्ष झाली त्या दिवशी त्या वकिलाने तिला तीन-तीनदा विचारलं, "नीट आठवून सांगा. ढकललं, की धरायला गेले?"

"ढकलला," वेणू म्हणाली.

पिंजऱ्यात उभ्या महादेवने मान वर केली नाही. त्याची बायको अटकेनंतर आठवड्यातच करंजाला माहेरी निघून गेली होती. निकालाच्या दिवशी त्याच्या बाजूने कोर्टात कोणी नव्हतं.

निकाल लागला आणि गाव वेणूला म्हणालं, न्याय झाला. ती हो म्हणायची. पण त्यानंतर काही महिन्यांनी तिला एक विचित्र होऊ लागलं. धुणं पिळताना, भाकरी थापताना हात मध्येच थांबायचे आणि ती मान वर करून बघायची. ते दोन हात तिला दिसायचे, पण आता ते पुढे जाताहेत की हसुरामच्या शर्टाला धरताहेत हे कळेना. जितकं आठवावं तितकं ते चित्र पुसट होत गेलं. ज्या एका शब्दावर माणूस दहा वर्षं आत गेला तो शब्द खरा होता का? विचारायचं कोणाला? वर स्लॅबवर दोनच माणसं होती. त्यातलं एक राहिलं होतं.

मंजुरीचा मेसेज आला. "देवीला जाते" असं सांगून ती पहाटे निघाली, पनवेलच्या डेपोतून पुण्याची एसटी पकडली. पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी होती. पिशवी गेटवरच राहिली. "बाहेरचं खाणं आत जात नाही, मावशी," शिपाई म्हणाला. मोबाइल जमा करून घेतला, आधार बघितलं, वहीत सही घेतली आणि तिला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायला सांगितलं. शेड माणसांनी भरली होती, तरी बोलण्याचा आवाज फारसा नव्हता. जो तो आपल्या नावाच्या पुकाऱ्याकडे कान लावून.

दोन तासांनी पुकारा झाला. खिडकीतल्या माणसाने तिच्याकडे न बघता सांगितलं, "बंदी यायला नाही म्हणतो."

"बंद हाय? आज बंद हाय काय?"

"बंद नाही हो. बंदी. म्हणजे तुमचा माणूस. तो भेटायला तयार नाही. आम्ही जबरदस्ती करू शकत नाही."

ती खिडकीपासून बाजूला झाली. मागच्या बाईने लगेच आपला कागद पुढे सरकवला. वेणू शेडमध्ये परत येऊन बसली. उठून जायचं सुचलंच नाही तिला.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा गेली. पुन्हा तेच उत्तर. या वेळी शेडमध्ये शेजारी एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ बसले होते, मांडीवर कागदांची फाइल. चारुदत्त त्यांचं नाव, पनवेलमध्येच राहणारे, निवृत्त शिक्षक. मुलगा आत होता आणि ते दर पंधरा दिवसांनी येत होते, चार वर्षं.

"दोनदा परत पाठवलं?" त्यांनी विचारलं. "आधी पत्र टाका. इथली माणसं फक्त तुमचं नाव सांगतात, 'अमुक आलेत, येतोस का?' एवढंच. तुम्ही का आलात हे त्याला कळायला नको? पत्रं वाचून पुढे देतात ते. साधं लिहा. वर बंदी क्रमांक घाला, नाहीतर पोचायचं नाही."

"माझं अक्षर चांगलं नाय."

"अक्षर कोण बघतंय इथे," चारुदत्त म्हणाले, आणि त्यांच्या नावाचा पुकारा झाला म्हणून फाइल घट्ट धरून उठले.

वेणूने पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. ते लिहायला तिला तीन दुपारी लागल्या. शेवटी त्यात एवढंच होतं: "म्हादू, दोनदा येऊन गेले. एक गोष्ट विचारायची हाय. भांडायला येत नाय. पुढच्या महिन्यात १७ तारखेला येते. वयनी."

सतरा तारखेच्या आधी प्रणितला कळलं. रिचार्ज करायला म्हणून त्याने तिचा मोबाइल हातात घेतला आणि त्यात दुसरं सिम दिसलं. मेसेज वाचत तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, हे काय आहे?"

वेणूने गॅस बंद केला. "म्हादूला भेटायला गेलेली."

"भेटायला?"

"भेटला नाय तो. दोनदा गेली, आला नाय."

"म्हणजे तोही नाही म्हणतो आणि तू जातेस?" प्रणितचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाबांचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं टेम्पोत. तुला माहितेय ना? तो समोर बसला होता. मी तेवीस वर्षांचा होतो. आणि तू त्याला भेटायला जातेस, देवीचं नाव सांगून."

"मला एक विचारायचं हाय त्याला. एकच."

"काय विचारायचं राहिलंय? तूच तर सांगितलंस कोर्टात."

ते त्याला कसं सांगायचं हे वेणूला जमेना. तिला शंका आहे असं म्हटलं तर त्याच्या बापाचा न्यायच तिने स्वतःच्या हातांनी मोडल्यासारखं झालं असतं. ती गप्प राहिली, आणि प्रणितने त्या गप्प राहण्याचा आपल्या मनाने अर्थ लावला. महिनाअखेरीला तो बायको भावना आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन नवीन पनवेलला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला. जाताना पाया पडला. पोरीला रविवारी आणीन म्हणाला, आणि दर रविवारी तासभर आणायचा. स्वतः मात्र आत पाणीसुद्धा प्यायचा नाही. वेणूची लेक, पूर्वी, लग्न होऊन नाशिकला होती. तिने फोनवर दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि आपलं काही बोलली नाही.

दोन मजली घरात वेणू एकटी राहिली. वरच्या मजल्याला कुलूप. खालच्या चार खोल्यांपैकी दोन ती वापरायची. कधीकधी सबंध दिवस जायचा आणि संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना घसा खाकरावा लागायचा.

सतरा तारखेला खिडकीतल्या माणसाने तिला आत जायला सांगितलं.

जाड काचेच्या अलीकडे एक स्टूल, भिंतीला टांगलेला फोन. पलीकडे तसंच. महादेव पांढऱ्या कपड्यांत आला. कानांवरचे केस पिकले होते आणि चालताना तो डावा पाय जरा ओढत होता. बेचाळिसाव्या वर्षी तो तिच्या सासऱ्यासारखा दिसायला लागला होता. तो बसला, पण फोन उचलेना. वेणूने आपला उचलून कानाला लावला आणि तशीच थांबली. बाजूच्या काचेशी एक बाई भराभर बोलत होती, पोराचा निकाल, छपराची गळती. वेणूच्या कानात नुसती खरखर. भेटीच्या वीस मिनिटांतली पाच तरी अशी गेली.

मग त्याने उचलला. "वयनी."

"जेवतोस ना?" वेणूने विचारलं. हे विचारायचं तिने ठरवलं नव्हतं.

"जेवतो."

"पायाला काय झालं?"

"काय नाय. थंडीचा धरतो."

वेणूने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. "म्हादू, मी कोर्टात सांगितलं, ढकलला. आठवतं ना?"

"हो."

"पन आता मला दिसतं तेव्हा तुजा हात त्यांच्या शर्टाला धरलेला दिसतो. तू धरायला गेलास काय? मी खोटं बोलली काय? एवढंच सांग. मग मी परत यायची नाय."

महादेवने फोन खाली ठेवला. दोन्ही तळव्यांनी तोंड चोळलं. वेणूला वाटलं, उठून जातो आता. पण त्याने पुन्हा उचलला.

"ढकलला, वयनी. दोन हातांनी. राग आलेला मला. मंग तो मागं जायला लागला तेव्हा शर्ट धरला. बटन तुटून हातात आलं. तुला दोन्ही दिसलं. तू खोटं नाय बोललीस. खोटं मी बोललो, पाय घसरला म्हनून. वकिलानं शिकवलं आन मी बोललो."

"मंग दोनदा आला का नाहीस?"

"तू हेच विचारशील म्हनून."

वेणूला वाटलं होतं की उत्तर मिळालं की छातीवरचा दगड उतरेल. ती खोटं बोलली नव्हती, हे ऐकून ती सुटली खरी. पण इतके महिने त्या शंकेच्या आडोशाला दुसरंही काहीतरी जगत होतं, ते तिला आता कळलं. कुठेतरी तिला वाटत होतं की पोराने ढकललं नसेल. आता ते वाटायला जागा उरली नाही.

"बरं," ती म्हणाली. मग तिला एकदम रडू आलं आणि तिने तोंड फिरवलं. परत वळून बघितलं तेव्हा महादेव काहीतरी बोलत होता, पण फोन बंद झाला होता. वेळ संपली होती. "ऐकू येत नाय," ती मोठ्याने म्हणाली, "म्हादू, ऐकू येत नाय!" बाजूची बाई तिच्याकडे बघायला लागली.

परत यायची नाही, असं ती म्हणाली होती. दीड महिन्याने ती रंजिताच्या दुकानात उभी होती.

का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. चारुदत्तांनी शेडमध्ये एकदा सहज विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरात बोलायला कोन नाय." ते त्यांना पुरलं. पण खरं ते तिला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत उमगलं. हसुराम कसा मेला हे सगळ्या गावाला पाठ होतं. प्रणितला बापाचा तो शेवटचा अर्धा दिवसच आठवायचा. पण हसुराम कसा होता, ते बोलायला आता जगात एकच माणूस शिल्लक होता, आणि तो काचेपलीकडे होता.

"त्याला शिंक यायची तेव्हा सात यायच्या," महादेव एकदा म्हणाला.

"सात नाय, नऊ. मी मोजायची."

"आन आठवीला मला शाळेतनं काढायला निघालेला आबा, तर दादा दोन दिवस जेवला नाय. आबा म्हनला, जा बाबा, शिकव तुझ्या भावाला."

"हे मला कोनी सांगितलं नाय."

"तू बाळंतपनाला गेलेलीस. प्रणितच्या."

अशा गोष्टी. वीस मिनिटं पुरायची नाहीत. पण मध्येच कधीतरी दोघांनाही एकदम आठवायचं की आपण कोणाबद्दल बोलतोय आणि का इथे बसून बोलतोय. मग दोघंही फोन कानाला लावून गप्प व्हायची. ती माफ करते असं कधी म्हणाली नाही, आणि त्याने कधी मागितलीही नाही.

वर्षभराने विचुंब्याला घरी एक हवालदार आला. महादेवने रजेचा अर्ज केला होता. शिक्षा भोगणाऱ्याला ठरावीक काळाने काही दिवस घरी सोडतात. पण तो कुठे राहणार, कोण त्याची हमी घेणार, याची चौकशी आधी गावात होते. अर्जात पत्ता याच घराचा होता. दुसरा पत्ता त्याला नव्हताच.

"तुम्ही ठेवून घेणार का?" हवालदाराने विचारलं. "तसं लिहून द्यावं लागेल. नसेल तर तसं लिहा. पण तुम्ही तर..." तो कागदात बघून थांबला. "तुम्ही मयताच्या पत्नी ना?"

"हो."

त्याने पेन खिशात ठेवलं. "दोन दिवसांनी येतो."

वेणूने प्रणितला फोन केला. हवालदाराचं सांगितलं. मागे टीव्हीवर लहान मुलांचं गाणं चाललं होतं.

"तू ठरव, आई," तो म्हणाला. "मी भांडणार नाही. पण तो त्या घरात येऊन राहिला तर माझी पोर त्या घरात येणार नाही. नंतरही नाही. तेवढं मला जमणार नाही."

तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच जमणार नव्हतं, हे तिला आवाजावरून कळलं. ते दोन दिवस तिने वरच्या मजल्याचं कुलूप काढून ठेवलं. झाडून घेतलं, खिडक्या पुसल्या, गादी उन्हात टाकली. तिसऱ्या दिवशी हवालदार आला तेव्हा तिने "ठेवून घेऊ शकत नाही" असं लिहून दिलं आणि खाली सही केली. हवालदार म्हणाला, बरोबर आहे तुमचं. ते तिला फार लागलं.

हे महादेवला कागदातून कळू नये म्हणून तिने लगेच तारीख घेतली. काचेसमोर बसल्या बसल्या सांगितलं. "मी 'नाय' असं लिहून दिलं. प्रणितची पोर यायची बंद झाली असती."

"बरं केलंस." महादेव फोनची वायर बोटाला गुंडाळत होता. "मी पन उगाच टाकलेला अर्ज. बराकीत सगळे टाकत होते."

"खोटं बोलू नको."

तो हसला, मग हसणं उतरलं. "एकदा घर बघायचं होतं. जिना कुठं घेतलास?"

"बाहेरून."

"दादा म्हनत होता तसाच."

"हो."

"पोर खेळती काय त्याच्यावर?"

"रविवारी. वर-खाली, वर-खाली. मी खाली उभी राहते."

महादेवने मान हलवली. त्यानंतर तो पुण्यातल्या थंडीबद्दल आणि बराकीतल्या एका म्हाताऱ्याबद्दल बोलत राहिला, वेणू ऐकत राहिली आणि फोन नेहमीसारखा वाक्याच्या मध्येच बंद झाला.

बाहेर आल्यावर तिने जमा केलेला मोबाइल घेतला. चारुदत्त त्या दिवशी आले नव्हते. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक तिच्याच वयाची बाई येऊन बसली, नीटनेटकी, मांडीवर पर्स. लोणावळा येईपर्यंत ती बाई स्वतःच्या लेकीबद्दल, जावयाबद्दल बोलली. मग विचारलं, "तुमचं कोण असतं पुण्याला?"

"दीर."

"नोकरीला का?"

"तुरुंगात हाय."

बाईने पर्स जरा जवळ घेतली. थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "काय केलं त्यांनी?"

वेणूने तिच्याकडे बघितलं. "माझ्या मालकांना मारलं."

घाट उतरेपर्यंत दोघी समोर बघत बसल्या. पनवेलच्या अलीकडे ती बाई उतरली. उतरताना वळून "येते हं" म्हणाली.

पनवेलला उतरून वेणूने विचुंब्याची शेअर रिक्षा धरली. घरी येऊन हातपाय धुतले, एका माणसापुरते तांदूळ धुऊन टाकले आणि भात शिजेपर्यंत अंगणात खुर्ची घेऊन बसली. पुढची तारीख महिन्याने होती. तिच्या अलीकडे चार रविवार होते.